बॅरनच्या कोटाचं रफू

खोडरबर आरपार गेलं तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. आवाज असा काही झाला नाही. जुनी उशीची खोळ कूस बदलताना हळूच विरते, तेवढाच. लोवेल पेट्रिकने कागदावरची रबराची भुकटी फुंकली, आणि जिथे आकडा असायला हवा होता तिथे त्याला टेबलाचं लाकूड दिसलं.

"काय झालं रे?" व्हर्नाने विचारलं.

"कुठे काय!" म्हणत लोवेलने भोकावर अंगठा ठेवला.

"पेट्रिक, अंगठा उचल," मिस्टर प्रुइट म्हणाले.

लोवेल चव्वेचाळीस वर्षांचा होता. डोक्यावरचं निम्मं पीक गेलं होतं. पण मिस्टर प्रुइटनी त्याला अकरावीत रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि अकरावीतला अंगठा अजून त्यांचंच ऐकत होता. तो आपोआप उचलला गेला.

प्रुइटनी कागद उचलून डोळ्याजवळ धरला आणि त्या भोकातून लोवेलकडे एका डोळ्याने पाहिलं. कुणीही घाबरलं असतं.

"बॅरनच्या कोटाला भोक पडलंय," ते म्हणाले.

"कोटाला नाही हो, कागदाला," लोवेल म्हणाला.

"नियम पहिला काय आहे?"

लोवेलने टेबलावरची भुकटी बोटाने गोळा केली. शेजारी रोझाल्बा बिस्किट खात होती. शहरात बस चालवून तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा झाला होता. तिने तोंडातला घास न गिळताच सांगितलं, "कागदावर नाही ते अंगावर नाही. बाळा, तू गेलास."

व्हर्ना टॉलफसनचं अमेरिकेतल्या टकोमा शहरातलं कपडे धुण्याचं आणि शिवणकामाचं दुकान शनिवारी एकला बंद होई, आणि दोनला मागच्या खोलीत खेळ सुरू होई. चहूबाजूंनी गिऱ्हाइकांचे कोट आणि झगे प्लास्टिकच्या पिशव्यांत लटकलेले, मधे कपड्यांच्या घड्या घालायचं टेबल, टेबलाभोवती व्हर्नाचं स्टूल आणि तीन खुर्च्या. चौथी खुर्ची ठेवायची तर कुणाचा तरी लग्नाचा सूट चुरगळावा लागला असता. सतरा वर्षांत हा शनिवारचा नेम चुकलेला नव्हता. माणसं देवळातसुद्धा इतक्या वेळेवर जात नाहीत.

खेळ कागदाचा, पेन्सिलीचा, फाशांचा आणि जिभेचा. कल्पनेतलं एक पुढच्या काळातलं शहर. तिथे सरकारपेक्षा कंपन्या मोठ्या, पाऊससुद्धा तेलकट, आणि माणसं हात-डोळे बदलून घेतात, आपण चष्म्याची काडी बदलतो तशी. प्रत्येक खेळाडूचं त्या शहरात एक पात्र असतं, आणि ते पात्र एका कागदावर राहतं. व्हर्ना सूत्रधार. ती प्रसंग सांगणार, बाकीचे "मी हे करतो, मी ते करतो" म्हणणार, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवणार.

त्या शहरात गोळी कुठूनही येते, म्हणून कपडे चिलखती हवेत. पण नुसतं चिलखत अडकवून हिंडणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही, म्हणून ते देखणेही हवेत. प्रत्येक कपड्याला दोन आकडे असत, एक कवचाचा आणि दुसरा ऐटीचा. इतर ठिकाणी खेळाडू "मी चिलखती सूट घातलाय" म्हणून मोकळा होत असेल. व्हर्नाकडे ते चालत नसे. तिचे प्रश्न ठरलेले असत. "अस्तर कशाचं? काखेत सैल आहे ना? बसल्यावर पोटाशी चुरगळतो का?" उत्तराला उशीर झाला की ऐटीतून एक वजा. तेहतीस वर्षं सुई धरलेल्या बाईला कल्पनेतली शिवणसुद्धा तिरकी खपत नाही.

लोवेलच्या पात्राचं नाव बॅरन सेलाडन. बॅरनचा कोट समुद्राच्या हिरव्या रंगाच्या मखमलीचा, टाचेपर्यंत लांब, कॉलर उभी, आत गोळी अडवणाऱ्या जाळीचं अस्तर. कवच अठरा, ऐट आठ. लोवेल स्वतः सोमवार ते शुक्रवार सरकारी कचेरीत कुंपणांचे परवाने द्यायच्या खिडकीत बसे आणि बाहेरच्यांची बोलणी खाई. बॅरनला मात्र कुणी बोलत नसे. बॅरन खोलीत शिरला की संगीत थांबे.

गोळी लागली की कवचाचा आकडा एकाने उतरे. कोट दुरुस्त झाला की पुन्हा अठरा. असं सात वर्षं खोडून लिहून, लिहून खोडून, कागदाची त्या जागी नुसती साय उरली होती. गेल्या शनिवारी चार गोळ्या लागल्या, म्हणून लोवेल आज अठरा खोडून चौदा करायला गेला, आणि साय फाटली.

"नवीन कागदावर उतरवून घेऊ दे की त्याला," व्हर्ना म्हणाली.

प्रुइटनी आपली वही उघडली. त्यात एक्केचाळीस नियम होते, सगळ्यांच्या सह्यांनिशी. "नियम चौथा. मूळ कागदाची नक्कल चालणार नाही. बारा वर्षांपूर्वी नक्कल करताना कुणीतरी सहा जादा गोळ्या उतरवून घेतल्या होत्या."

"ते मीच," रोझाल्बा म्हणाली. "अजून बोलून दाखवतो हा माणूस."

लोवेलने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर खेळात जागा मिळायची वाट पाहणाऱ्यांची यादी होती, आणि यादीच्या बाजूला जुन्या पावत्या खोचायची लोखंडी सळई. नववा नियम असा होता, की ज्याचं पात्र मेलं त्याचा कागद सळईला, आणि त्याची खुर्ची वर्षभरासाठी यादीतल्या पहिल्या नावाला. यादीत नऊ नावं होती. आजचा प्रसंग होता कंपनीच्या मालकिणीच्या नव्वदाव्या मजल्यावरच्या मेजवानीचा. तिच्या तिजोरीतली लवंगेएवढी चकती काढून आणायची होती. बंदुका निघणार हे ठरलेलंच. कवच नसलेला बॅरन तिथे दोन मिनिटं टिकला नसता, आणि मग पुढच्या शनिवारी दोन वाजता लोवेलने कुठे जावं? घरी एक मासा होता, आणि तोही फारसा बोलका नव्हता.

"चिकटपट्टी लाव," रोझाल्बा म्हणाली. "मागून एक, पुढून एक. वर लिही चौदा. झालं! एवढ्यात मी दोन स्टॉप पुढे गेले असते."

लोवेलने चिकटपट्टी लावली. प्रुइटनी हरकत घेतली नाही, कारण चिकटपट्टीबद्दल एक्केचाळिसात काहीच नव्हतं. हरकत आली व्हर्नाकडून. तिने चष्मा खाली ओढून कागद पाहिला आणि एखाद्या गिऱ्हाइकाने घरी स्वतः शिवून बिघडवून आणलेला झगा पाहावा तशी ती हळहळली.

"मखमलीवर हे काय डकवलंस? आरपार दिसणारं ठिगळ! आतली जाळी दिसतेय त्यातून. बनियन दिसतं रे तुझं, लोवेल!"

"म्हणजे?"

"म्हणजे ऐट आठाची सहा झाली. आणि मालकिणीच्या दारावर यंत्र आहे. आठाच्या खाली ऐट असेल तर दार उघडत नाही."

"काढतो मग," म्हणत लोवेलने घाईघाईने पट्टी ओढली. व्हर्ना "अरे थांब थांब" म्हणेपर्यंत पट्टी निघाली, आणि तिच्यासोबत भोकाच्या खालची ओळही निघाली. तिथे लिहिलेलं होतं, 'आतल्या खिशात पिस्तूल'.

चौघांनी पट्टीवर उलट्या चिकटलेल्या पिस्तुलाकडे पाहिलं.

"खिसा फाटून पडलं," प्रुइट म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. चौकातला दिवा लाल झाल्यावर गाडी थांबवावी इतकंच ते होतं. "आता बॅरनकडे कवच नाही, हत्यार नाही, आणि फाटक्या कोटाची ऐट..."

"चार," व्हर्ना जड मनाने म्हणाली.

लोवेलचे कान लाल झाले. त्याने टेबलावर नजर फिरवली. रोझाल्बाच्या पुढ्यात पुदिन्याच्या चॉकलेटांचा डबा होता. चॉकलेटांवरची चांदी हिरवी होती. अगदी समुद्राच्या पाण्यासारखी.

"व्हर्ना," त्याने घसा खाकरला, "ठिगळ नाही लावत. वरून नक्षी लावली तर? पान. हिरव्या धातूचं. छातीवर."

व्हर्नाने चष्मा वर केला. "कडा कशा बसवशील?"

"आत दुमडून. टोकाला बारीक टाके."

"आणि मखमलीची लव?"

"लव खालच्या दिशेने. पानाचं टोकही खाली."

व्हर्नाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. सात वर्षांत या पोराने पहिल्यांदा लवीची दिशा न अडखळता सांगितली होती. "कापून दाखव. नीट बसलं तर ऐट नऊ देते. आणि कवच कोर त्या पानावरच, पेन्सिलीच्या टोकाने."

लोवेलने जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून पान कापलं. कडा दुमडल्या. गोंद लावला. गोंद जरा जास्त झाला, कारण त्याच्या मनात भीतीही जास्त होती. पान बसलं, आणि बाजूंनी गोंद पाझरून मोठ्या भोकातून खाली उतरू लागला.

"अरे, कागद गिऱ्हाइकाच्या नातीच्या नामकरणाच्या झग्यावर सरकलाय!" व्हर्ना ओरडली.

रोझाल्बाने हाताला लागला तो कागद चटकन खाली सरकवला. "आता हे वाळणार कधी? मेजवानी संपून भांडी घासून होतील." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने दोन्ही कागद उचलले, वाफेच्या मोठ्या इस्त्रीच्या यंत्रात ठेवले आणि वरचं झाकण दाणकन दाबलं.

यंत्राने लांब सुस्कारा सोडला. खोलीत पुदिन्याचा वास पसरला.

"माझा कागद कुठाय?" मिस्टर प्रुइट म्हणाले.

रोझाल्बाने झाकण उचललं. आत एक कागद होता. एकच. वर बॅरन सेलाडन, छातीवर झगझगीत हिरवं पान. आणि त्याच्या पाठीला, चारी कोपऱ्यांपर्यंत गच्च चिकटलेला, तोंड आतल्या बाजूला करून, मिस्टर प्रुइट यांचा राख.

राख हे प्रुइटचं पात्र. उंची सहा फूट आठ इंच, दुरून नेम धरणारा, कुणाशी न बोलणारा, करडा चिलखती रेनकोट घालणारा. सात वर्षांत त्याने बॅरनशी तीन वाक्यं बोलली असतील, त्यांतली दोन "बाजूला हो" ही होती.

प्रुइटनी कोपऱ्याला नख लावलं. "ओढू नका," व्हर्ना म्हणाली. "गोंदावर वाफ बसली की कापड आणि अस्तर एक होतात. ओढलं तर दोन्ही जातील."

"मग आता?"

"आता काय! कागदावर आहे तेच अंगावर. कागद एक, कोट एक." व्हर्नाने फासे हातात घोळवले. "तुम्ही दोघं एका कोटात आहात."

"अशक्य. राख सहा फूट आठ..."

"कोट टाचेपर्यंत आहे. वाकून उभा राहा म्हणावं."

"राखचा स्वतःचा रेनकोट आहे!"

"कुठे दाखवा?" रोझाल्बाने विचारलं. "मला तर नुसती पाठ दिसतेय, राजा."

प्रुइटनी वही चाळली. एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे. ज्याने आयुष्यभर कुलपं बनवावीत आणि एके दिवशी स्वतःच आत अडकून चावी बाहेर विसरावी, तसा त्यांचा चेहरा झाला. पण माणूस सचोटीचा होता. त्यांनी वही मिटली.

"नियम नियम आहे," ते म्हणाले. "दोघं एका कोटात."

"आणि एका कोटात दोघं असले तर कोट एकाच दिशेने जाईल," व्हर्ना म्हणाली. "तेव्हा प्रत्येक गोष्ट दोघांनी एकमताने करायची. मी बोटांवर दहा मोजेन. एकमत झालं नाही, तर कोट जागच्या जागी उभा. लिहून घ्या, बेचाळिसावा."

प्रुइटनी स्वतःच्या हाताने तो लिहून घेतला. सगळ्यांनी सही केली.

खेळ पुढे सरकला. मालकिणीच्या दारावरच्या यंत्राने हिरव्या पानाकडे पाहिलं, ऐट नऊ मोजली आणि वाकून दार उघडलं. खाली चार बूट दिसत होते की काय, हे व्हर्नाने विचारलं. लोवेलने कोटाला खाली दुहेरी दुमड असल्याचं सांगितल्यावर तिने तो विषय वाढवला नाही. रोझाल्बाचं पात्र आपले लोखंडी हात मोज्यांत लपवून मागोमाग शिरलं. इथवर ठीक चाललं होतं.

"डावीकडे," लोवेल म्हणाला. "तिजोरी डावीकडे आहे."

"उजवीकडे," प्रुइट म्हणाले. "आधी खिडकी गाठायची. पाठ भिंतीला लागली पाहिजे."

"मिस्टर प्रुइट, पाठ तुमची आहे."

"म्हणूनच सांगतोय."

"आठ, नऊ, दहा," व्हर्ना म्हणाली. "कोट उभा."

कोट चीजच्या टेबलाजवळ उभा राहिला. पुढल्या दहालाही उभा. त्याच्या पुढल्यालाही. पाहुणे येत होते, जात होते. एका बाईने पानाचं कौतुक केलं. दुसरीने आपली पर्स कोटाच्या कॉलरला अडकवली आणि ती नाचायला गेली. चौथ्या दहाला मालकिणीचा कारभारी आला आणि त्याने मूर्तिकाराचं नाव विचारलं.

"उत्तर द्या," व्हर्ना म्हणाली.

"मूर्ती म्हणायचं," लोवेल कुजबुजला. "मूर्ती बोलत नाही."

"राखही बोलत नाही," प्रुइट म्हणाले.

हे त्यांचं पहिलं एकमत. कोट गप्प राहिला आणि कारभारी खूश होऊन गेला.

त्यानंतर जरा बरं जमलं. डोकी जवळ आणून दोघं कुजबुजू लागले. प्रुइट म्हणाले, जाताना दर तिसऱ्या पावलाला थांबू, म्हणजे मूर्तीच वाटेल. लोवेलला ते पटलं. लोवेल म्हणाला, तिजोरी बॅरन उघडेल, तोवर राखने मागे कॉलरमधून पाहावं. प्रुइटना तेही पटलं. रोझाल्बाने एका पहारेकऱ्याला लोखंडी हाताने उचलून अलगद पडद्यामागे ठेवलं. तिजोरी उघडली. चकती मिळाली. लोवेलने नकळत प्रुइटच्या खांद्यावर थाप मारली आणि मग घाबरून हात मागे घेतला.

"आणि तेवढ्यात," व्हर्ना म्हणाली, "ती पर्सवाली बाई पर्स घ्यायला येते. मूर्ती चीजच्या टेबलाजवळ नाही. ती किंचाळते."

पहारेकरी आला. बंदूक निघाली. व्हर्नाने फासा टाकला: सम आला तर गोळी पुढच्याला, म्हणजे बॅरनला, विषम आला तर मागच्याला, म्हणजे राखला.

विषम.

दुसरा फासा गोळी लागली कुठे त्याचा. तो पडून टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. कोट जिथे उघडा होता तिथे, कॉलरच्या वर. मानेत. व्हर्नाने नुकसान मोजलं, पुन्हा मोजलं, आणि चष्मा काढून पुसला.

"राख मेला," ती म्हणाली.

लटकलेल्या कपड्यांच्या पिशव्याच काय त्या सळसळल्या. सतरा वर्षांचा राख. प्रुइटची बायको वारली त्या वर्षीही राखने एक शनिवार चुकवला नव्हता.

मिस्टर प्रुइट ताठ बसले. "नियम नववा," ते म्हणाले. "कागद सळईला लावा."

"पण कागद एक आहे," रोझाल्बा म्हणाली. "त्यावर लोवेलही आहे!"

"ठाऊक आहे मला."

"राख मेला, बॅरन नाही मेला! पोराची खुर्ची का घालवता?"

"मी नियम बनवताना 'माझ्यावर वेळ आली तर सोडून' असं लिहिलेलं नाही." त्यांनी कागद लोवेलपुढे सरकवला. "माफ कर, पेट्रिक."

लोवेलने कागद हातात घेतला. सळई चार पावलांवर होती. त्याने कागद उलटला. राखच्या कागदाची कोरी पाठ. सुलटला, बॅरनचं पान. मग तो खुर्चीत सरळ बसला, पेन्सिल कानावर खोचली, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो बॅरनचा नव्हता. सोमवार ते शुक्रवार काचेच्या भोकातून बाहेर जाणारा, थकलेला, सभ्य, कुणाच्याही बापाला न बधणारा आवाज होता तो.

"मृत्यूची नोंद कोणत्या रकान्यात होते, सर?"

"प्राण या रकान्यात," प्रुइट म्हणाले. "शून्य लिहून."

"कुणी लिहायचं?"

"ज्याचं पात्र त्याने. पेन्सिलीने. नियम तिसरा."

"राखचा 'प्राण' हा रकाना मला दाखवता का?"

प्रुइटनी कागद घेतला. पुढून पाहिला, मागून पाहिला, दिव्यासमोर धरला. रकाना आत होता, गोंद आणि वाफ यांच्यामध्ये, बॅरनच्या पाठीला चिकटलेला.

"रकाना उपलब्ध नाही," लोवेल म्हणाला. "नोंद होऊ शकत नाही. नोंद नाही तर घटना नाही. कागदावर नाही ते अंगावर नाही, सर. सळईला लावायला आमच्याकडे मृत कोणी नाही. पुढचा नंबर."

'पुढचा नंबर' हे सवयीने गेलं. पण कुणी हसलं नाही. प्रुइट त्याच्याकडे बघतच राहिले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच पोराला त्यांनी उत्तर बरोबर असताना पद्धत चुकली म्हणून नापास केलं होतं. आज पद्धतीत काडीची चूक नव्हती.

"बरोबर," ते हळूच म्हणाले. आणि मग, घसा साफ करून, "पूर्ण गुण."

रोझाल्बाने टाळी वाजवली तेव्हा पिशव्यांतले कोट हलले. कोट नव्वदाव्या मजल्यावरून खाली उतरला, दर तिसऱ्या पावलाला थांबत, मानेतली गोळी मानेतच घेऊन. राख मेला नव्हता. पण त्याला आता काही मिळू शकत नव्हतं, काही लागू शकत नव्हतं, आणि कोटातून बाहेर पडता येत नव्हतं, कारण यांतलं काहीच लिहायला जागा नव्हती. अमरत्व मिळालं की माणसाची अशीच अडचण होते.

निरोप घेताना व्हर्ना यादीसमोर उभी होती.

"एक राहिलंच," ती म्हणाली. "कागदामागे एक खुर्ची. दोन कागदांचा एक कागद झाला. म्हणजे एक खुर्ची रिकामी झाली की नाही?"

"कुणाची?" लोवेल आणि प्रुइट एकदमच म्हणाले. हे त्यांचं त्या दिवसातलं सातवं एकमत.

"ते तुम्ही दोघं ठरवा. मी दहा मोजते."

दहा मोजून झाले. एकमत झालं नाही.

पुढच्या शनिवारी दोन वाजता लोवेल एकाच खुर्चीच्या डाव्या अर्ध्यावर बसला होता आणि मिस्टर प्रुइट उजव्या अर्ध्यावर. पडू नये म्हणून दोघांनी आपापला बाहेरचा पाय जमिनीला घट्ट रोवला होता. प्रुइटनी येताना घरून गादी आणली होती. ती दोघांना पुरेल एवढी रुंद होती, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. समोरच्या खुर्चीत मिसेस ओडगार्ड स्थिरावल्या. वय अठ्ठ्याहत्तर, यादीत चार वर्षं पहिल्या. त्यांनी सगळ्यांसाठी रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या भाजून आणल्या होत्या.

"मी सगळी तयारी करून ठेवली होती हं," त्या गोड हसल्या. "पात्राचं नाव विधवा ग्रीर. काळा लेसचा पायघोळ झगा, लेसमध्ये पोलादी तार, गळ्याशी मोती, मोत्यांत स्फोटकं. कवच वीस, ऐट दहा. व्हर्नाने मापं तपासलीत." आणि त्यांनी पर्समधून आपला कागद काढून टेबलावर ठेवला.

कागद दिव्याखाली चमकला. चार वर्षांत खराब होऊ नये म्हणून बाईंनी तो दुकानातून जाड प्लास्टिकमध्ये पक्का बंद करून आणला होता. त्यावर पेन्सिल उमटणार नव्हती. खोडरबर चालणार नव्हतं. जगातली कुठलीही गोळी त्या विसाचा एकोणीस करू शकणार नव्हती.

मिस्टर प्रुइट अर्धवट उठले. वही उघडली. त्यांचं बोट थेट तिसऱ्या नियमावर गेलं. "माझी हरकत आहे," ते म्हणाले. "याला माझी सक्त..."

"कोटाची हरकत आहे का?" व्हर्नाने शांतपणे विचारलं आणि पहिलं बोट दुमडलं. "एक."

प्रुइट थांबले. अर्धवट उठलेले तसेच राहून त्यांनी मान वळवली आणि शेजारी पाहिलं.

लोवेलने रुबार्बची वडी उचलली. तिचे दोन तुकडे केले. एक तोंडात टाकला आणि सावकाश चावू लागला.

"विचार करतोय, सर," तो म्हणाला. "बसा."

मिस्टर प्रुइट बसले.